जुन्या टीव्ही गेमचा कंट्रोलर: ‘ए’ मेलाय, आणि ‘उजवीकडे’ संध्याकाळी आपोआप दाबलं जातं

माळ्यावरची_पेटी (वेंगुर्ला, सध्या पुणे)

नमस्कार मंडळी.

चतुर्थीला घरी गेले होते. मखराचं सामान काढायला माळ्यावर चढले तर मागच्या कोपऱ्यात आंब्याची पेटी सापडली. वर पेंढा, पेंढ्याखाली जुनं लुगडं आणि लुगड्यात गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम. बाबांनी १९९७ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. दोन कंट्रोलर आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेलं पिवळं कार्ट्रिज. त्यात खरे गेम वीस-बावीसच, बाकी तेच तेच फिरून येतात, हे तेव्हा कळायला आम्हाला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली होती.

मशीनच्या एका सॉकेटात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून ठेवलेलं. ते दाभणाने हळूहळू कोरून काढलं. शेजारच्या काकींकडे डबा टीव्ही अजून आहे, त्याला जोडलं तर चक्क चित्र आलं! नऊ वर्षांचा भाचा तीन दिवस तिथून हलला नाही. आरतीला पण ओढून आणावा लागला.

आता रड कंट्रोलरची.

एक नंबरचा कंट्रोलर माझा. त्यात ‘ए’ बटण अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबावं लागतं, तरी दहातून एकदा लागतं. वरचं टर्बो ए (एकदा धरलं की ‘ए’ भराभर आपोआप दाबणारं बटण) मात्र व्यवस्थित चालतं. शिवाय उजवीकडे जायचं बटण हात न लावता दाबलं जातं. गंमत म्हणजे दुपारी ऊन असताना सगळं ठीक. संध्याकाळ झाली, वारा दमट झाला की माणूस आपला उजवीकडे चालायला लागतो आणि खड्ड्यात पडतो. भाच्याच्या मते त्यात भूत आहे.

दोन नंबरचा माझ्या धाकट्या भावाचा. त्याची केबल कंट्रोलरच्या मानेपाशी विशिष्ट कोनात धरली तरच चालतो. आणि कधी कधी नुसतं ‘ए’ दाबलं तरी गेम पॉज होतो, जणू स्टार्ट पण दाबलं.

तिसरा याच कुटुंबातला नाही, भावाचा प्लेस्टेशन २ चा. डावी काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायची जॉयस्टिक, सोडली तरी थोडी वरच्या दिशेला राहिल्यासारखी वागते.

बाजारात एका दुकानात दाखवला. त्यांनी न उघडता ‘फेकून द्या, कोण दुरुस्त करतं आता हे’ म्हणून सांगितलं. मला नाही फेकायचा. घरात स्क्रू ड्रायव्हर आहे, नवऱ्याचा मल्टिमीटर आहे, आणि कोरोनातल्या सॅनिटायझरच्या चार बाटल्या पडून आहेत. त्याने पुसलं तर चालेल का? दिवाळीपर्यंत वेळ आहे. सोल्डरिंग कधी केलेलं नाही, पण शिकेन.

भाऊ_मालवणी

ताई, ह्यात काय कठीण नाय. आतल्या तांब्याक हिरवा चढला असतला. चार आमसुला भिजत घाल आणि त्या पाण्यान घास. आमची आवस तांब्याचो हंडो तसोच घासता, आरशासारखो होता. मगे पाण्यान धू आणि उन्हात सुकव.

ऑनलाइन नवे कंट्रोलर पण गावतत, पण ता प्लास्टिक म्हणजे पापड. हातात धरलंस तर वाकता.

सोल्डर_आणि_सोलकढी (कणकवली)

ताई, १९८९ पासून टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतोय. नव्वदीत मे महिना लागला की मुंबईकरांची पोरं हे गेम घेऊन गावात उतरायची, आणि माझ्या टेबलावर दिवसाला दोन-तीन कंट्रोलर पडायचे. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी भाऊंसाठी. बाबा, आमसूल हंड्यालाच ठेव. तांबं चकाकतं कारण आंबट पाणी वरचा थर खातं. हंडा जाड असतो, पिढ्यान्‌पिढ्या घासला तरी पुरतो. बोर्डावरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पस्तीस. त्यात स्वस्त बोर्डावर बटणाखालची जागा नुसत्या तांब्याची नसते, त्यावर कार्बनचा काळा थर छापलेला असतो. घासलं की तो जातो, आणि मग खरंच फेकायची वेळ येते. पॉलिश पेपर, ब्लेड, राख, टूथपेस्ट, सगळ्याला हेच लागू.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यात सगळ्यात कामाची ओळ ‘दुपारी ठीक, संध्याकाळी आपोआप’ ही आहे. बटणाखाली दोन फण्या एकमेकींत दात घालून बसवल्यासारखे ट्रॅक असतात, एकमेकींना न टेकता. वरून रबराची काळी टिकली दाबली गेली की दोन्ही जोडल्या जातात, बस. आता त्या दातांच्या मध्ये मीठ किंवा साखर सुकून बसली असेल तर दुपारी ती कोरडी, तेव्हा वीज जात नाही. संध्याकाळी हवेतलं पाणी ओढून ओली झाली की न दाबता फण्या जोडल्या जातात. नुसत्या खाऱ्या वाऱ्याने असं होतं, पण मग सगळ्याच बटणांना थोडंथोडं व्हायला हवं. तुमचं एकच दिशेचं होतंय. म्हणजे तिथे काहीतरी सांडलंय. आठवून बघा.

‘ए’ चं सोपं. टर्बो ए चालतं याचा अर्थ तार आणि चिप दोन्ही जिवंत. राहिली ‘ए’ ची टिकली किंवा तिच्याखालची फणी. टिकली मीटरने तपासा. मीटर ओहमवर लावायचा, दोन्ही टोकं टिकलीवर जवळजवळ टेकवायची, पण खुपसायची नाहीत. चांगल्या टिकलीला मला दोन-तीनशे ओहमच्या आसपास दिसतात. तुमच्या ‘ए’ ला कित्येक किलोओहम दिसले तर ती झिजली.

तशी झिजली असेल तर एक युक्ती. चार बटणांच्या बऱ्याच कॉपी कंट्रोलरात चौघांचा रबर एकाच तुकड्यात असतो. भोकं जुळत असतील तर तो अर्धा फेरा फिरवून बसवा. मग ‘ए’ खाली टर्बो बी ची टिकली येते आणि ‘बी’ खाली टर्बो ए ची. टर्बो कमी वापरलं असेल तर कोरी टिकली फुकटात मिळाली. नाहीच जमलं तर टिकलीवर ६बी पेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. पण ते महिना-दोन महिन्यांचं काम, परत करावं लागतं. काही लोक ॲल्युमिनियमची चांदी (फॉइल) चिकटवतात. आपल्या हवेत ती खराब होते आणि गोंद सुटून आत फिरायला लागते, मी नाही करत.

दोन नंबरच्या कंट्रोलरने मला खरी मजा आणली. ‘ए’ दाबलं की पॉज होतं म्हणता ना? आत पाच तारा आहेत: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. तुमचा गेम ज्याची कॉपी आहे ते मूळ जपानी मशीन, निन्टेंडोचं फॅमिकॉम, १९८३ चं, त्याच्या कंट्रोलरात ४०२१ नंबरची सोळा पायांची आयसी असायची. तुमच्यात त्या जागी काळ्या डांबराचा ठिपका असेल, काम तेच. मशीन सेकंदाला पन्नास-साठ वेळा लॅचवरून सांगतं, ‘आत्ता काय दाबलंय ते धरून ठेव’. मग क्लॉकच्या एकेका ठोक्याला एकेक बटण डेटाच्या तारेवरून बाहेर येतं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आता क्लॉकची तार तुटली तर रांग पुढे सरकतच नाही. मशीन आठ वेळा विचारतं आणि आठही वेळा त्याला ‘ए’ चंच उत्तर मिळतं. तुम्ही ‘ए’ दाबलं की त्याला वाटतं आठही बटणं दाबली, त्यात स्टार्टही आलं. म्हणून पॉज. तेव्हा तुमची क्लॉकची तार मानेपाशी तुटतेय-जुळतेय. रंगावर विश्वास ठेवू नका, या कॉपीत कुठल्याही रंगाची तार कुठेही लावलेली असते. मीटर बीपवर ठेवून प्लगच्या पिनेपासून बोर्डापर्यंत एकेक तार मोजा आणि मोजताना केबल वाकवत राहा.

सापडली की केबल मानेपासून चार बोटं कापून टाका आणि पाचही तारा नव्याने लावा. पण कापल्यावर आतलं तांबं बघा. समुद्राजवळच्या घरात ओल तारेच्या प्लास्टिकच्या आतून वर चढते आणि तांबं काळं पडतं. काळ्या तांब्याला सोल्डरचा टाका धरत नाही, मण्यासारखा गोल होऊन पडतो. लालसर तांबं दिसेपर्यंत कापत जायचं. एकदा मालवणच्या एका गिऱ्हाइकाची केबल मी अशी कापत कापत हातभर उरवली होती. पोरगं टीव्हीला नाक लावून खेळायचं.

सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची पुरे. सोल्डर आतून राळ असलेला घ्या. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट लावू नका, ती मागे राहते आणि ओल धरते.

सॅनिटायझर नको. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते उडून जात नाही, चिकट थर ठेवतं. तुमच्या उजवीकडच्या भुताला तेवढंच हवंय. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ मागा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. कापसाच्या काडीने बोर्ड हलक्या हाताने टिपायचा. काडी किंचित काळी झाली तर ठीक, पण भराभरा काळी व्हायला लागली तर कार्बन सुटतोय, थांबा. साखर असेल तर नुसत्या आयपीएने जाणार नाही, साखर त्यात फारशी विरघळत नाही. आधी गाळलेल्या कोमट पाण्यात काडी बुडवून टिपा, मग आयपीए. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, थिनर यांना कंट्रोलर असलेल्या खोलीत पण आणू नका, प्लास्टिक विरघळतं.

वरचं कवच, बटणं, रबर साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने. फटीत जो काळा मळ दिसेल तो घाम आणि हाताचं तेल. त्यात नखाचा तुकडाही सापडतो, दचकू नका. वाळवायला एक रात्र पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ आत जातं.

स्क्रू गंजले असतील. ड्रायव्हर घसरायला लागला की जोर करू नका, इस्त्रीचं टोक स्क्रूच्या डोक्यावर पाच-सहा सेकंद टेकवा, मग सुटतो. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, ‘टक्’ असं झालं की जुनी खाच सापडली, मग आवळायचा. नाहीतर प्लास्टिकमध्ये नवी खाच पडते आणि तिसऱ्या वेळेला स्क्रू नुसताच फिरतो. केबल आतल्या खुंट्यांभोवती जशी वळवलेली होती तशीच वळवा, म्हणजे ओढली तर ओढ टाक्यावर येणार नाही. उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवा.

प्लेस्टेशनचं मी फार केलेलं नाही, ते पोरं सांगतील.

काडीवाला (रत्नागिरी)

काकांनी क्लॉकचं सांगितलं ते वाचून मी माझ्याकडचा ‘मेलेला’ कंट्रोलर परत उघडायला घेतलाय :)

ताई, पीएस२ चं मी सांगतो. मोबाईल रिपेअरिंग करतो, महिन्यात चार-पाच कंट्रोलर येतात. एक लक्षात ठेवा, वरच्या पेन्सिल आणि चांदीच्या युक्त्या पीएस२ ला वापरू नका. त्याची बटणं किती जोरात दाबली तेही मोजतात, कार्बन वाढवला की ते मोजमाप बिघडतं. आणि बटणांखाली कडक बोर्ड नसून पातळ पारदर्शक फिल्म असते. आयपीए लावून जोरात पुसलंत तर त्यावरचे काळे ठसे पुसून जातील. कोरड्या कापडाने फक्त धूळ टिपा.

काडीच्या खाली डबीसारखा भाग असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चपटे सेन्सर, एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी. तुमची काडी वर जातेय म्हणजे उभ्याचा. आत कार्बनच्या पट्टीवरून पत्र्याचं छोटं बोट फिरतं. पट्टीवर झिजेचा भुगा बसतो आणि सोडलेली काडी ‘मध्ये’ आहे असं वाचलं जात नाही. आयपीएचा एक थेंब तिथे सोडून काडी शंभर वेळा गोल फिरवा. भुगा असेल तर सुटेल. पट्टीच झिजली असेल तर दोन आठवड्यांत परत तेच. मग अख्खा भाग बदलायचा, आणि तो काढायला चौदा टाके एकदम सैल करावे लागतात. शिकाऊ हाताने पहिल्यांदा हे करू नका, ट्रॅक उपटतात. माझे उपटलेत.

आधी एक फुकटचं करून बघा. काडी मोकळी सोडून केबल काढा आणि परत लावा. काही कंट्रोलरांत लावताना काडी अंगठ्याने ढकललेली असेल तर तीच जागा मध्य धरली जाते.

माळ्यावरची_पेटी

काका, भाऊ, काडीवाला, तिघांचे आभार. दोन रविवार गेले, पण सांगण्यासारखं बरंच झालं.

एक नंबर उघडला. सहापैकी चार स्क्रू सुटले, दोन इस्त्रीने. आत पेंढ्याची एक काडी आणि एक मेलेली मुंगी. आणि दिशांच्या बटणाखाली, बरोबर उजवीकडे, तपकिरी-गुलाबी डाग. वाळलेला, कडेला हिरवा. नाकाशी नेला तर वास काही येत नव्हता, पण रंग बघूनच मला कळलं. कोकम सरबत.

भावाला दुबईला फोटो पाठवला. आधी म्हणाला, ‘मी नाही.’ मग पाच मिनिटांनी फोन. तू दहावीच्या क्लासला गेली होतीस, मी तुझा कंट्रोलर घेऊन खेळत होतो, पेला मांडीवर होता. तेव्हा लुगड्याने पुसून ठेवून दिला म्हणे. आणि मला त्या मे महिन्यात ‘तूच आपटलास’ म्हणून बाबांचं ऐकून घ्यावं लागलं होतं! इतकी वर्षं गप्प. भाऊ, तुमच्या आमसुलाबद्दल राग नाही, पण ते माझ्या कंट्रोलरला कुणीतरी आधीच लावून झालं होतं. वर साखर आणि मीठ.

काकांनी सांगितलं तसं आधी कोमट पाणी, मग आयपीए. तीन काड्या गुलाबी निघाल्या, चौथी पांढरी. हिरव्या कडेला फणीचा एक दात अर्धा खाल्ला गेलाय, पण बाकीचे शाबूत आहेत. सलग चार संध्याकाळी पडवीत मुद्दाम लावून ठेवला, माणूस जागचा हलला नाही. भाचा नाराज आहे, त्याला भूत हवं होतं.

रबर एकाच तुकड्यात निघाला! ‘ए’ च्या टिकलीला १८ किलोओहम, टर्बो बी च्या टिकलीला २४०. आमच्याकडे टर्बो म्हणजे लबाडी असा नियम होता (नियम माझा), त्यामुळे वरच्या दोन टिकल्या अगदी कोऱ्या. अर्धा फेरा फिरवला, भोकं बसली, ‘ए’ आता नुसत्या स्पर्शाने लागतं.

दोन नंबरची क्लॉकची तार माझ्यात हिरवी निघाली. तांबं काळं होतं, वीतभर कापावी लागली. माझे टाके बघून हसू नका, तीळगुळासारखे झालेत, पण बीप येतोय. पीएस२ ची काडी थेंबाने सुधारली, बघू किती टिकते.

एक विचारायचं राहिलं. सगळी बटणं नीट चालतात हे एका फटक्यात कसं तपासायचं?

सोल्डर_आणि_सोलकढी

कार्ट्रिजवर कॉन्ट्रा हा गेम असणारच. पहिल्या पडद्यावर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, मग स्टार्ट. तीस जीव मिळाले तर सिलेक्ट आणि टर्बो सोडून सगळं पास. आमच्या टेबलावर हीच तपासणी असायची, आणि गिऱ्हाइकाची पोरं ती लिहून घेऊन जायची. तुमच्या कॉपीत न करताच तीस मिळत असतील तर मात्र ही तपासणी फसवी आहे, आधी काही न दाबता सुरू करून जीव मोजा. आणि हे एक नंबरवरच करायचं. दोन नंबर तपासायचा असेल तर तो एकच्या सॉकेटात लावा.

टाक्यांचा फोटो टाका. हसणार नाही.

माळ्यावरची_पेटी

आधी मोजले, तीन. मग तसं दाबलं, तीस! दोन नंबरलाही तीस. टाक्यांचा फोटो टाकत नाही.

माझा धाकटा भाऊ दिवाळीला येतोय. त्याला दोन नंबरचाच देणार, केबल वीतभर आखूड आहे.